भाच्याला शहर उपाध्यक्ष केलंय. आता त्याने करायचं काय?

मानेवाडाकर

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आज घरच्या कारणाने लिहितोय.

माझा भाचा, वय २४, बी.कॉम., एका पक्षाच्या युवक आघाडीचा नागपूर शहर उपाध्यक्ष झाला. पक्षाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की सगळे त्या पक्षावर तुटून पडतील आणि माझा प्रश्न राहून जाईल. रविवारी संध्याकाळी नेत्यांच्या बंगल्यावर बोलावलं, हातात नियुक्तीपत्र दिलं, फोटो काढला, पेढा भरवला. सोमवारी चौकात बॅनर. वर अकरा चेहरे (मी मोजले), खाली भाचा, आणि त्याच्याही खाली 'शुभेच्छुक' म्हणून त्याचेच सहा मित्र. मंगळवारी पाचशे व्हिजिटिंग कार्डं छापून आली. बुधवारी सकाळी पोहे खाता खाता मला विचारतो, "मामा, उपाध्यक्षाला काम काय असते?"

मला सांगता येईना. पत्र मागून घेतलं आणि नीट वाचलं. 'आपण पक्षाची ध्येयधोरणे तळागाळापर्यंत पोहोचवाल अशी अपेक्षा आहे', बस, एवढंच. तळागाळ कुठून सुरू होतो ते लिहिलेलं नाही. चौकशी केल्यावर कळलं की असे उपाध्यक्ष एकूण चौदा आहेत.

तर विचारायचं हे, की पक्ष खालून वर कसा बांधलेला असतो आणि निवडणूक नसते तेव्हा तो काय करतो? कोणता पक्ष चांगला, कोणता वाईट, हे कृपया नको. बहीण रोज फोन करते, 'दादा, पोराचं काय होईल' म्हणून. तिला काहीतरी सांगायचंय.

तर्री_मारके

चौदाच? लहान कार्यकारिणी आहे भाऊ. आमच्याकडे सरचिटणीसच एकवीस होते. बैठक असली की सगळे मंचावर, अन् समोरच्या खुर्च्या रिकाम्या. शेवटी मंडपवाल्याची पोट्टी बसवली होती समोर.

खामल्याचा_खम्या

अकरा चेहऱ्यांचा क्रम सांगा. पक्ष सांगतो, गटही सांगतो, आणि पुढच्या वेळी तिकीट कोणाचं कापणार तेही सांगतो.

मानेवाडाकर

@खम्या, म्हणूनच सांगत नाही. :)

अनामिक_कार्यकर्ता

बावीस वर्षं एका पक्षात होतो, आता घरी आहे. कटुता नाही, गुडघे गेले म्हणून घरी आहे. जरा लांबण लागेल.

मानेवाडाकर, पक्षात पदं दोन जातीची असतात. वरची वाटायची असतात, खालची भरायची असतात. उपाध्यक्ष, सहसचिव, संघटक, अमक्या सेलचा निमंत्रक ही वाटायची पदं. नाराज माणूस शांत करायला, एखाद्या मोहल्ल्याला 'आमचा माणूस आहे' वाटावं म्हणून, नाहीतर नेत्याच्या मेव्हण्याच्या मित्राने हट्ट धरला म्हणून. तुमच्या भाच्याला यातलं मिळालंय.

भरायची पदं म्हणजे बूथ. एका मतदान केंद्रावर साधारण हजार-बाराशे मतदार. तिथला बूथप्रमुख कोण, हा खरा पक्ष. त्याच्या वरच्या पायऱ्यांची नावं तेवढी बदलतात. भाजपात बूथ, चार-सहा बूथ मिळून शक्तिकेंद्र, मग मंडल, मग शहर किंवा जिल्हा, मग प्रदेश. काँग्रेसमध्ये बूथ, ब्लॉक, शहर-जिल्हा, प्रदेश, त्यावर अखिल भारतीय समिती आणि कार्यसमिती. शिवसेनेच्या पद्धतीत गटप्रमुख, शाखाप्रमुख, विभागप्रमुख. आपल्या विदर्भात मात्र तालुकाप्रमुख, जिल्हाप्रमुख आणि वर मुंबईहून आलेला संपर्कप्रमुख. हा संपर्कप्रमुख संपर्कात कधी असतो ते मी कधी शोधू शकलो नाही. मतदार यादीच्या एका पानावर ३० नावं असतात. त्या एका पानाला एक माणूस द्यायचा, तो पन्नाप्रमुख. ही भाजपची पद्धत, आता बाकीचेही आपापल्या परीने करतात.

निवडणूक नसताना काय चालतं? माझी डायरी अजून आहे. एका आठवड्याचं पान उघडून सांगतो: दोन साक्षगंध, तीन तेरव्या, एक रेशनकार्डातलं नाव, मेडिकल हॉस्पिटलमध्ये एका म्हातारीला खाट, नंदनवनात फुटलेली नाली, रात्री दीडला पोलीस स्टेशन (पोरं दारू पिऊन भांडली होती, दोन्हीकडची आपलीच), आणि शनिवारी नेते येणार म्हणून सतरंज्या. विचारधारा त्या आठवड्यात कुठे आली नाही. पण तेरवीला जो गेला त्याला पाच वर्षांनी 'दादा, लक्ष असू द्या' म्हणायला तोंड असतं.

पुणेरी_पाहुणा

अनामिक, छान लिहिलंय. पण हे पक्षाचं काम झालं का? नाली फुटली तर महापालिका आहे, खाटेसाठी हॉस्पिटलचा अधीक्षक आहे. यंत्रणा चालत नाही म्हणून मध्ये कार्यकर्ता लागतो, आणि कार्यकर्त्याचं दुकान चालावं म्हणून यंत्रणा चालू देत नाहीत. पक्षाचं काम धोरण ठरवणं, उमेदवार निवडणं आणि सरकारला जाब विचारणं. बाकी सगळी दलाली.

तर्री_मारके

पाहुणे, तुमच्या नातेवाइकाला रात्री दोन वाजता खाट लागली तर धोरण घेऊन जाल का बाप्पा?

अनामिक_कार्यकर्ता

@पुणेरी_पाहुणा, तुमचं चूक नाही. दुकान चालवणारे मी पाहिलेत. रस्त्यावर गट्टू (पेव्हर ब्लॉक) लावायचं काम निघालं की आधी कंत्राट कोणाला ते ठरायचं, मग रस्ता कोणता ते. पण सगळं दलाली म्हणाल तर त्या म्हातारीने मला कधी चहासुद्धा पाजला नाही, आणि मत दुसऱ्याच पक्षाला देत होती. मला माहीत होतं. तिने स्वतःच सांगितलं होतं.

वसुधाताई

मी निवृत्त शिक्षिका. सात निवडणुकांत केंद्राध्यक्ष म्हणून ड्युटी केली. मी पक्ष बघितला तो आतून, टेबलाच्या या बाजूने.

मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी अभिरूप मतदान घ्यावं लागतं, म्हणजे चाचणी. किमान पन्नास मतं यंत्रात टाकायची, पोलिंग एजंटांसमोर मोजायची, मग ती पुसून यंत्र सील करायचं आणि सीलवर त्यांच्या सह्या घ्यायच्या. ही पहाटे साडेपाचची वेळ. कोणत्या पक्षाची संघटना किती आहे हे मला तेव्हाच कळायचं. मोठमोठे बॅनर लागलेल्या उमेदवाराचा एजंट साडेसहाला डोळे चोळत येतो, नेमणुकीचा फॉर्म १० आणतो तर त्यावर उमेदवाराची सहीच नसते. आणि एखाद्या लहान पक्षाचा माणूस सव्वापाचला दारात उभा. डबा, पाण्याची बाटली, दोन पेन आणि मतदार यादी. एक आजोबा तर लाकडी फूटपट्टी घेऊन यायचे, ओळीवर ठेवून नाव खोडायला.

संध्याकाळी अजून एक परीक्षा असते. मतदान संपलं की किती मतं यंत्रात पडली त्याचा हिशोब १७-क नमुन्यात भरून एजंटला प्रत द्यायची असते. मोजणीच्या दिवशी तोच आकडा ताडून बघायचा. सकाळी पाच एजंट सह्या करतात, संध्याकाळी प्रत मागायला दोनच उरलेले असतात. बाकीचे जेवायला गेले ते गेलेच.

म्हणून भाच्याला म्हणावं, कार्डं ठेव बाजूला, एकदा दिवसभर एजंट म्हणून बसून बघ. आणि डबा घरून ने. पक्षाचा डबा दोनच्या आत येत नाही.

बुटीबोरी_बायपास

ताई, डब्याचं एकदम पटलं. आम्ही बाहेर चिठ्ठ्यांच्या टेबलावर होतो, केंद्रापासून दोनशे मीटर लांब. एक टेबल, दोन खुर्च्या, वर छत्री. चिठ्ठी पांढऱ्या कागदाची, तिच्यावर चिन्ह नाही, उमेदवाराचं नाव नाही. समोर विरोधी पक्षाचं तसंच टेबल. अकरा वाजता त्यांच्याकडे तर्री पोहे आले, आमच्याकडे नुसतं आश्वासन. शेवटी त्यांनीच दोन प्लेटा पाठवल्या. संध्याकाळी ते हरले. पोह्यांचं वाईट वाटलं.

खामल्याचा_खम्या

नागपुरात पोह्यांवर निवडणूक असती तर निकाल नऊ वाजताच लागला असता.

रेशीमबागेची_राणी

महिला आघाडीवर कोणीच बोललं नाही, म्हणून मी बोलते. अकरा वर्षं होते.

महिला आघाडी म्हणजे संक्रांतीला हळदीकुंकू, सभेत पहिल्या चार रांगा भरणं, नेत्यांना औक्षण. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत. त्यामुळे बायका निवडून येतात, पण संघटनेत निर्णय कोण घेतं ते बघा. प्रभागाची बैठक रात्री नऊला, कोणाच्या तरी गच्चीवर. मी विचारलं, सकाळी का नाही? तर म्हणाले, 'ताई, सकाळी सगळे कामावर असतात.' मी पण कामावरच असायचे!

तिकीट मागायला गेले तर पहिला प्रश्न, 'मिस्टर काय करतात?' मिस्टर एलआयसीत आहेत आणि त्यांना राजकारणाची ॲलर्जी आहे हे सांगितल्यावर माझी फाइल तिथेच मिटली. तिकीट जिला मिळालं ती चांगली बाई आहे, आजही बोलतो आम्ही. पण फोन तिचे मिस्टरच उचलतात.

वसुधाताई

राणी, बैठक नऊला गच्चीवर, हे वाचून हसू आलं आणि रागही. आमच्या शिक्षक संघटनेतही हेच.

वकीलसाहेब_सिव्हिललाइन्स

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. (माझं थोडक्यात म्हणजे बायको म्हणते तेवढं थोडक्यात.)

आपल्या मूळ संविधानात राजकीय पक्षांसाठी वेगळी तरतूद नव्हती. १९८५ साली पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट आलं आणि पक्ष तिथे ठळकपणे आला. पक्षाची नोंदणी होते ती लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम २९-अ खाली, निवडणूक आयोगाकडे. अर्ज स्थापनेपासून तीस दिवसांत करायचा, किमान शंभर सदस्य मतदार असले पाहिजेत, आणि संविधानाशी निष्ठा, समाजवाद, धर्मनिरपेक्षता, लोकशाही मानू असं पक्षाच्या घटनेत लिहावं लागतं. नोंदणी सोपी, मान्यता अवघड. राज्य पक्ष व्हायचा एक रस्ता म्हणजे विधानसभेत सहा टक्के मतं आणि दोन आमदार. राष्ट्रीय व्हायला एक रस्ता म्हणजे चार राज्यांत राज्य पक्षाची मान्यता. मान्यता मिळाली की चिन्ह राखीव. नुसती नोंदणी करून बसलेल्यांचं काय होतं? ऑगस्ट २०२५ मध्ये आयोगाने असे ३३४ पक्ष यादीतून काढले. सहा वर्षांत एकही निवडणूक लढवली नव्हती.

आता मानेवाडाकरांच्या कामाचं. नियुक्तीपत्राला किंमत किती? पक्ष फुटला की चिन्ह कोणाचं, हे आयोग १९६८ च्या चिन्ह आदेशाच्या परिच्छेद १५ खाली ठरवतो. संघटनेत बहुमत कोणाचं आणि आमदार-खासदारांत कोणाचं, हे बघतात. आपल्या राज्यात फेब्रुवारी २०२३ मध्ये धनुष्यबाणाचा आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये घड्याळाचा निर्णय झाला. दोन्हीकडे आयोगाला संघटनेच्या कसोटीवरून ठाम काही ठरवता आलं नाही आणि आमदार-खासदारांचं बहुमत निर्णायक ठरलं. निर्णय बरोबर की चूक यात मी इथे शिरत नाही. पण दोन्ही बाजूंनी गठ्ठ्यांनी शपथपत्रं दिली होती, जिल्हाप्रमुख, तालुकाप्रमुख, पदाधिकारी. निवडून न येता वरून नेमलेल्यांची संघटना असली की असं होतं.

पुणेरी_पाहुणा

म्हणजे मी म्हणतोय तेच. पक्षांतर्गत निवडणुका हव्यात. आयोग सक्ती का करत नाही?

वकीलसाहेब_सिव्हिललाइन्स

कारण आयोगाच्या हातात दांडका नाही. पक्षाने घटनेचं पालन केलं नाही म्हणून नोंदणी रद्द करायचा अधिकार आयोगाला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये म्हटलंय. अपवाद मोजकेच, उदाहरणार्थ फसवणूक करून नोंदणी मिळवली असेल तर. बाकी निवडणुका होतात, पण बहुधा 'एकमताने'. ऑक्टोबर २०२२ मध्ये काँग्रेस अध्यक्षपदाला प्रत्यक्ष मतदान झालं, खर्गे ७,८९७ आणि थरूर १,०७२. मोठ्या पक्षात अध्यक्षपदासाठी मतपेटी दिसणं ही आपल्याकडे बातमी होते, यातच आलं.

खामल्याचा_खम्या

आमच्या शहरात एकमत असं होतं: निरीक्षक मुंबईहून विमानाने येतात, हॉटेलात उतरतात, सगळ्यांना एकेकटं भेटतात, प्रत्येकाला 'तुमचं नाव वर आहे' सांगतात, संध्याकाळच्या विमानाने जातात. आठ दिवसांनी यादी येते. तिच्यात आतापर्यंत कोणाला माहीत नसलेला एक गृहस्थ.

पाचपावलीवाला

पुणेकरांनी धोरणाचं काढलं म्हणून लिहून राहिलो. नागपूर पक्षांचं जन्मगाव आहे भाऊ, निव्वळ पोह्यांचं नाही.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेबांच्या पुढाकाराने शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन इथेच उभं झालं. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्षाची स्थापना इथेच. बाबासाहेब जाऊन वर्षही झालं नव्हतं. माझे आजोबा मिलमध्ये होते, त्या सभेला गेले होते. ते सांगत की पक्षाचं ऑफिस म्हणजे कोणाच्यातरी ओसरीवरचा कंदील. संध्याकाळी पेपर मोठ्याने वाचायचा, ज्याला वाचता येत नाही त्याने ऐकायचा, मग वाद. मिलचा पगार झाला की वर्गणीचा डबा फिरायचा. तो डबा अजून आमच्या घरी आहे, पत्र्याचा, वर कापलेली फट. आई त्यात बटणं ठेवते.

पुढे गट किती झाले ते विचारू नका. पण एक सांगतो, ज्या पक्षाकडे सत्ता नाही, कंत्राट नाही, त्याचा कार्यकर्ता कशावर टिकतो? आमच्याकडे विहार, वाचनालय, चौदा एप्रिल अन् धम्मचक्र दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोकांची सोय. त्याले पक्ष म्हणा का नका म्हणू. मतांच्या बाबतीत, २०१७ च्या महापालिकेत १५१ पैकी भाजप १०८, काँग्रेस २९ अन् तिसऱ्या नंबरवर बसप १०. शिवसेनेले दोन अन् राष्ट्रवादीले एक. बॅनर कोणाचे जास्त होते ते तुम्हीच आठवा.

मानेवाडाकर

पाचपावलीवाला, डब्याचा फोटो टाका ना.

पाचपावलीवाला

आईले विचारतो. बटणं काढायची तयारी नाही तिची.

धंतोलीची_घार

जन्मगावाचं निघालंच आहे तर अजून एक. काँग्रेसचा आजचा सांगाडासुद्धा नागपूरचाच. डिसेंबर १९२० च्या इथल्या अधिवेशनात गांधीजींनी नवी घटना मंजूर करून घेतली. त्याआधी काँग्रेस म्हणजे मुख्यतः वर्षातून एकदा भरणारी शिकलेल्या लोकांची सभा. इथे चार आण्यांची सदस्यता आली, गाव-तालुका-जिल्हा अशा समित्या आल्या, पंधरा जणांची कार्यसमिती आली आणि प्रांतिक समित्या भाषेप्रमाणे झाल्या. गंमत म्हणजे मराठी मध्यप्रांताची समिती नागपूरला, वऱ्हाडची अमरावतीला आणि महाराष्ट्राची पुण्याला, अशा वेगवेगळ्या. विदर्भवाद्यांनी नोंद घ्यावी. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात डॉ. हर्डीकर इथल्याच तुरुंगात होते आणि त्याच वर्षी काकीनाड्याला त्यांचं सेवादल, म्हणजे काँग्रेसच्या स्वयंसेवकांची संघटना, उभं राहिलं.

म्हणजे चार आणे द्या आणि तुम्ही सदस्य. आता मिस्ड कॉल द्या आणि तुम्ही सदस्य. माझ्या सासूबाईंनी चुकून दिला होता, त्यांना अजून मेसेज येतात.

पुणेरी_पाहुणा

जन्मगावांत एक राहिलं. १९२५, महाल, संघाची स्थापना. भाजपचं संघटन मजबूत का, याचं उत्तर तिथे आहे. त्यांना कार्यकर्ते तयारच मिळतात.

तर्री_मारके

झालं! धाग्याचं काश्मीर करून राहिले पाहुणे.

अनामिक_कार्यकर्ता

नाही, प्रश्न रास्त आहे, शांतपणे बोलू. संघ पक्ष नाही, निवडणूक लढवत नाही. पण भाजपात संघटनमंत्री नावाचं पद असतं आणि तिथे बहुधा संघाचा प्रचारक येतो. तो तिकीट मागत नाही, त्यामुळे बैठक वेळेवर सुरू होते. माझा पक्ष वेगळा होता, आम्हाला त्याचा हेवा वाटायचा. पण नुसत्या त्याने भागत असतं तर नागपूर लोकसभा त्यांना कायमच मिळाली असती. १९६२ ला इथून बापूजी अणे आले, १९७१ ला फॉरवर्ड ब्लॉकचे जांबुवंतराव धोटे. तेव्हाही महाल इथेच होतं.

व्यवस्थापक

इथपर्यंत ठीक चाललंय. पुढचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. ज्यांचे उडाले त्यांना का ते माहीत आहे.

लालबावटा_निवृत्त

आमचं कोणीच काढणार नाही हे माहीत होतं, म्हणून स्वतःच काढतो. कॉम्रेड बर्धन आपल्या नागपूरचे. १९५७ ला इथून आमदार झाले, पुढे १९९६ पासून २०१२ पर्यंत भाकपचे सरचिटणीस होते.

आमच्याकडे उलटं. पद मिळणं सोडा, सदस्यत्वच लवकर मिळत नाही. आधी उमेदवार सदस्य. शाखेत बसायचं, काम करायचं, मग शाखा ठरवणार हा पक्का सदस्य होतो की नाही. कमाईतून लेव्ही, म्हणजे पक्षाचा ठरलेला हिस्सा, द्यायची. बैठकीत अहवाल, मग टीका, मग स्वतःवर टीका. मी एकदा स्वतःवर इतकी चांगली टीका केली की बाकीच्यांनी दुजोरा दिला आणि मला शाखा सचिवपदावरून काढलं.

शिस्त एवढी की बैठकीचं इतिवृत्त १९७८ पासून जपलेलं आहे. मतं तेवढी जपता आली नाहीत.

खामल्याचा_खम्या

लालबावटा काका, दंडवत.

बुटीबोरी_बायपास

पैशाचं कोणी बोलेना? पाचशे कार्डं, बॅनर, हे कोणी दिलं?

मानेवाडाकर

माझ्या बहिणीने. सात हजार. फिक्स मोडून.

वकीलसाहेब_सिव्हिललाइन्स

हे वाईट झालं. पक्षाकडे पैसा नसतो असं नाही. वीस हजारांवरच्या देणग्या पक्षाने आयोगाला कळवायच्या असतात, निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला रद्द केले ते सगळ्यांना माहीतच आहे. उमेदवाराला विधानसभेला ४० लाखांची मर्यादा, पक्षाला स्वतःच्या खर्चाला मर्यादाच नाही. पण हा पैसा वरून खाली बॅनरपर्यंत झिरपत नाही. तळाला कार्यकर्ता स्वतःचं घालतो, पुढे कधीतरी वसूल होईल या आशेवर. माझ्या अशिलांपैकी दोघांची घरं यात गेली. एकाला एबी फॉर्म (पक्षाचा अधिकृत उमेदवार असल्याचा कागद) शेवटच्या दिवशी देतो म्हणाले होते. मुदत तीन वाजेपर्यंतची. अडीचला कळलं की फॉर्म दुसऱ्याच्या नावाने आधीच पोहोचलाय. तो माणूस अर्ज भरायच्या रांगेत उभा होता, गळ्यात हार, बाहेर ढोलताशा. ढोलवाल्यांना कोणीच थांबायला सांगितलं नाही, ते वाजवत राहिले.

रेशीमबागेची_राणी

मानेवाडाकर, बहिणीला सांगा पुढचा बॅनर स्वतःच्या पैशाने नको. एवढं तरी नक्की सांगा.

मानेवाडाकर

(साडेतीन महिन्यांनी)

धागा वर आणतोय, कारण सांगण्यासारखं आहे.

हिवाळी अधिवेशनात भाचा पक्षाच्या मोर्चात गेला. यशवंत स्टेडियमपासून निघाले, टेकडी रोडला पोलिसांनी अडवलं, दोन तास बसून घोषणा दिल्या. घरी येऊन म्हणाला, "मामा, शिष्टमंडळात चौदापैकी नऊ उपाध्यक्ष आत गेले, मी बॅरिकेडच्या बाहेर चपला सांभाळत होतो." त्या रात्री त्याला हा धागा वाचायला दिला. पूर्ण वाचला. दोन दिवस काही बोलला नाही.

मग बूथवर काम मागायला गेला. शहराध्यक्ष हसले म्हणे, 'उपाध्यक्ष होऊन पान मागतो?' पण दिलं. आमच्याच गल्लीचं पान, ३० नावं. तीन संध्याकाळी फिरला. ३० पैकी राहतात १७. आठ घर सोडून गेलेले, बहुतेक भाडेकरू. दोन वारलेले. तिघं कोण ते गल्लीत कोणालाच माहीत नाही. आणि या तिसांतल्या फक्त सहा जणांना तो नावाने ओळखत होता. जन्मापासून याच गल्लीत राहतो. बॅनरवर मात्र 'जनसामान्यांचा लाडका' लिहिलं होतं.

कार्डं कामी आली. जाड आहेत, खिशात मावतात. एका कार्डाच्या मागे एक मतदार: घर, फोन, काय अडलंय. एका आजीच्या कार्डावर लिहिलंय, 'मत देईन पण जिना उतरता येत नाही'. बहीण म्हणते, पोरगा रात्री जेवताना गल्लीतल्या लोकांबद्दल बोलतो, आधी नेत्यांबद्दल बोलायचा.

पक्ष सोडेल की राहील माहीत नाही. त्यालाही नाही. सध्या एवढंच विचारायचंय, की जे हुडकेश्वरला राहायला गेले आणि जे वारले, त्यांचं नेमकं काय भरायचं? तो मला विचारतो आणि मी तुम्हाला.

वसुधाताई

गेलेल्यांनी फॉर्म ८ भरायचा, स्थलांतराचा. तो ज्याचा त्याने भरायचा, भाच्याने परस्पर नाही. वारलेल्यांसाठी फॉर्म ७, सोबत मृत्यूचा दाखला असला तर बरं. नवीन १८ वर्षांची पोरं असतील तर फॉर्म ६. आणि विधानसभेची यादी आत्ताच नीट करून घ्या, महापालिकेला हीच यादी प्रभागांत फोडतात, तेव्हा चुका वाढतात, कमी होत नाहीत. आजींसाठी: वय ८५ च्या वर असेल तर लोकसभा-विधानसभेला घरून मतदानाची सोय आहे, १२-ड फॉर्म. वय विचारून घ्या.

मानेवाडाकर

ताई, आजी ८१.

वसुधाताई

मग खुर्ची आणि दोन पोरं. सकाळी सातला, ऊन व्हायच्या आत.

पाचपावलीवाला

डब्याचा फोटो खाली टाकला आहे. बटणं आत आहेत, आईने काढू दिली नाहीत.

तर्री_मारके

मानेवाडाकर, बूथवर हजार-बाराशे मतदार अन् कार्डं पाचशे. अर्ध्या बूथाचीच सोय झाली भाऊ. पुढची छापाले टाकाल तर मागची बाजू कोरी ठेवा म्हणावं, अन् समोर 'उपाध्यक्ष' नाही लिहिलं तरी चालते.